ऑइलचा लाल दिवा लुकलुकला की

उन्हाळा चढला की ऑइलच्या दिव्याचे प्रश्न वाढतात. या वेळी आलेल्यांपैकी पाच घेतो.

प्रश्न : पेट्रोल गाडी, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. दुपारच्या उन्हात सिग्नलला थांबलो की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, ॲक्सिलरेटर दाबला की विझतो. सकाळी काहीच नसतं. गॅरेजवाले म्हणतात ऑइल पंप बदला. बदलू का? (परभणी)

लगेच नको. आधी पंप काय करतो ते बघा. तो चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतलं, ऑइल ओढतो आणि पुढे ढकलतो, बस. प्रेशर येतं ते पुढच्या अरुंद वाटेमुळे. विहिरीवरची मोटार चालू असताना पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब उडतं, अंगठा काढला की पायाशी पडतं. मोटार तीच असते. इंजिनात हा अंगठा म्हणजे क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यातली केसाहून बारीक फट. बेअरिंग झिजून ती वाढली की ऑइल बाजूनं निसटतं आणि प्रेशर उरत नाही.

सकाळी ऑइल जाड असतं, म्हणून भागून जातं. दुपारी ते तापून पातळ होतं. त्यात बहुतेक गाड्यांत पंप क्रँकच्याच जोरावर फिरतो, म्हणजे सिग्नलला तोही मंद. तिन्ही गोष्टी एकदम जुळून येतात आणि दिवा लुकलुकतो.

तपासायचं स्वस्तापासून महागाकडे. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघा. मागच्या वेळी कोणतं ऑइल टाकलं ते बिलावर बघा. मग हा दिवा लावणारा ऑइल प्रेशर स्विच काढून त्याच भोकात काट्याचं गेज लावायला सांगा. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला (रेस न देता) १ बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास आणि अडीच-तीन हजार फेऱ्यांना ३ ते ४ बार मिळालं तर साधारणपणे तब्येत ठीक. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा. गेज ठीक आणि दिवा तरी लागतो, तर स्विच खराब; थोडक्यात सुटलात. रेस दिल्यावर प्रेशर चांगलं चढतं पण आयडलला पडतं, तर संशय आधी बेअरिंगवर घ्या. रेस देऊनही चढत नसेल तर मात्र पंप, त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) आणि चेंबरमधली जाळी, तिन्ही उघडून बघा. व्हॉल्व्हचा प्लंजर कचऱ्यानं उघडाच अडकला की ऑइल तिथूनच माघारी फिरतं.

गेज न लावता ‘पंप बदला’ म्हणणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

आणखी एक. हा दिवा म्हणजे ‘ऑइल जरा कमी झालंय’ अशी आगाऊ सूचना नव्हे. तो लागतो तेव्हा प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या खाली गेलेलं असतं. चालत्या गाडीत तो लागून राहिला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरी टोचन लावूनच न्या.

प्रश्न : शेतातल्या रस्त्यावर चेंबरला दगड लागला. पोचा आलाय, पण गळत नाही. चालेल ना? (अंबाजोगाई)

गळत नाही हीच खरी फसगत. चेंबरच्या तळापासून थोडीशी वर पंपाची जाळी असते, विहिरीतल्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हसारखी. तळ आत गेला की ती फट बुजते आणि पंप उपाशी राहतो. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. मालक म्हणाले, “ऑइल फुल आहे, तरी टॅपेट वाजतात.” चेंबर उतरवलं, तर तळाच्या आतल्या बाजूला जाळीच्या कडेचा गोल ठसा उमटलेला. जाळीवर काळी साय, आणि तिच्यात नखाएवढे सिलिकॉनचे (सांधा बंद करायच्या लुकणाचे) तुकडे. आधी कुणीतरी चेंबर बसवताना सिलिकॉन हात सैल सोडून लावलं होतं. दाबानं आत आलेलं सुटून थेट जाळीवर बसलं. पंप धुऊन, फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून तोच परत बसवला.

पत्र्याचं चेंबर असेल तर काढून, ठोकून सरळ करता येतं. ॲल्युमिनियमचं ठोकू नका, तडकतं. दोन्हींत एकदा उघडून बघाच. आणि सिलिकॉनची बारीक, अखंड रेघ पुरते.

प्रश्न : उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० टाकलं तर प्रेशर चांगलं राहील ना? कंपनीनं ०डब्ल्यू-२० सांगितलंय. (उदगीर)

२०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२०पेक्षा बरंच जाड ऑइल. प्रेशरचा काटा वर दिसेल, इंजिनाचं भलं होईलच असं नाही. जाड ऑइल थंड इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) कोरडा फिरतो. ०डब्ल्यू-२०चं इंजिन बारीक फटींसाठीच घडवलेलं असतं. मॅन्युअलमध्ये तापमानानुसार दुसरा ग्रेड दिलेला असतो कधीकधी. दिला असेल तर खुशाल वापरा. शेजाऱ्याच्या जुन्या डिझेल जीपला जे चालतं ते तिलाच चालू द्या.

प्रश्न : कन्नड घाटात वळणावर दिवा क्षणभर लागतो, सपाटीला कधीच नाही. (छत्रपती संभाजीनगर)

ऑइल कमी आहे. वळणावर ते एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि वरच्या खुणेपर्यंतच भरा. वर गेलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि फेसानं प्रेशर येत नाही.

प्रश्न : नवा पंप बसवला, दिवा विझतच नाही. मिस्त्री म्हणतो, रेस दे, विझेल. (किनवट)

रेस अजिबात देऊ नका! पंप कोरडा बसवला असणार. कोरडा पंप ऑइल ओढत नाही. तो बसवण्याआधीच स्वच्छ ऑइलनं भरायचा असतो, आणि फिल्टर उभा बसत असेल तर तोही. आता निदान स्विचच्या भोकातून पिचकारीनं ऑइल सोडून बघा. मग फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये बॅटरीला दम द्या. दिवा विझला की फ्यूज लावून स्टार्ट करा. तरीही विझला नाही, तर पंप उतरवून जाळीच्या पाइपाचा ओ-रिंग (रबरी कडं) बघा. तो चिरलेला किंवा राहून गेलेला असला तर पंप तिथूनच हवा ओढत राहतो. सगळं जमल्यावर डिपस्टिक पुन्हा बघा. फिल्टर भरल्यानं पातळी उतरलेली असते, तेवढं टाका.