खाडीकाठच्या शाळेत पर्यावरण शिक्षण: सुरुवात कुठून करायची आणि पुढे काय

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात, राजापूर तालुक्यातल्या आपल्या खाडीकाठच्या गावात शाळेतल्या मुलांबरोबर काहीतरी नियमित सुरू करायचंय, आणि घरचे विचारतायत की यावर पोट भरेल का. गुहागर-दापोली पट्ट्यातल्या शाळांमधून हेच काम करत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शाळेचं. एक जागा धरा आणि वर्षभर ती सोडू नका. खाडीचा एक काठ, एक कातळसडा (खडकाळ पठार) किंवा एक देवराई, काहीही चालेल. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. पुढे पुस्तकं आली, अकरावी-बारावीला वेगळा विषय आला, शाळाशाळांत हरित सेना आली. तरीही बहुतेक शाळांचं वर्ष ५ जूनची चित्रं, पावसाळ्यातलं वृक्षारोपण आणि किनाऱ्यावरची एक सफाई एवढ्यात संपतं. १९७७च्या तिबिलिसी परिषदेने जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग अशी पाच उद्दिष्टं मांडली होती. आपली गाडी पहिल्यावरच अडकते, कारण पुढच्या चारांसाठी पुन्हा पुन्हा त्याच जागी जावं लागतं.

तुमच्याकडे खाडी आहे, तर भरती-ओहोटीपासूनच सुरुवात करा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब मुलांच्या आजोबांना तोंडपाठ असतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुलांनी घरून विचारून आणावा, तुम्ही फळ्यावर लिहून देऊ नका. मग छापील तक्त्याशी ताडून पाहा. पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा येते, पण पंधरा तिथींत भरतीची वेळ जवळजवळ बारा तास सरकायला हवी, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. आजोबा ४५ धरतात. पंधरवडाभर साठलेला हा पाऊण तासाचा फरक सातवीतल्या मुलांना स्वतः सापडतो तेव्हा वर्गात जो गलका होतो, त्यासाठी मी हे काम करतो. आजोबांचा हिशेब चुकीचा ठरत नाही. तोंडी करता यावा म्हणून तो सोपा केलाय, आणि होडी काढायला तेवढा पुरतो, हेही मुलंच सांगतात.

त्याच ओहोटीला मुलांच्या आया आणि आज्या कालवं, मुळे, खुबे असे शिंपले काढायला खाजणात, म्हणजे खाडीच्या चिखलात, उतरतात. कुठल्या चिखलात काय मिळतं, उधाणाला (मोठ्या भरती-ओहोटीला) कुठवर जाता येतं, भांगाला (लहान भरती-ओहोटीला) का जाऊ नये, पूर्वी मिळायचं ते कुठे मिळेनासं झालं, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यांना 'माहिती देणाऱ्या' म्हणून एकदा बोलावून हार घालू नका. वर्गाच्या शिक्षिका म्हणून न्या आणि मानधन द्या. शाळेकडे पैसे नसतील तर गावातून गोळा करा, पण फुकटात नको. मुलांनी त्यांची नोंदवही ठेवायची: तारीख, तिथी, जागा, काय मिळालं, अंदाजे किती. दोन पावसाळे झाले की ही वही ग्रामसभेत मांडण्याजोगी होते. तिवर आणि चिपी या खारफुटीच्या झाडांची ओळखही याच फेऱ्यांत होते, त्यासाठी वेगळा तास लागत नाही. मुलांना चिखलात नेताना मात्र मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, गावातलं एक जाणतं माणूस सोबत ठेवा आणि पाणी वळायच्या आधी काठावर परत या.

आता वृक्षारोपणाबद्दल, कारण तुमच्या यादीत 'सड्यावर पाचशे झाडं' असं लिहिलंय. कृपा करून हे करू नका. सडा उन्हाळ्यात करपलेला दिसतो म्हणून लोक त्याला पडीक समजतात. पाऊस पडला की त्याच कातळावर दीपकाडी फुलते, जी कोकणाबाहेर सापडत नाही. मग गेंदाची फुलं येतात, कीटक खाणारी सीतेची आसवं ही वनस्पती येते. मातीचा थर बोटभर, आणि त्यावर हे सगळं उभं असतं. तिथे खड्डे मारून बाहेरची माती आणि रोपं टाकली की नेमकं हेच जातं. मुलांना जूनपासून दर पंधरवड्याला एकाच चौकोन मीटरभर जागेवर न्या आणि काय उगवलं ते लिहायला सांगा. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, लावतात त्या सुरूच्या झाडांबद्दलही हाच विचार करा. अंडी घालायला कासवाला मोकळी वाळू लागते.

कासवांवरून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावचं काम बघून या असं सांगेन. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव होतो. घरं पाहुण्यांना उघडली, आणि कासवं जगवण्याशी गावाच्या चुलीचा संबंध जुळला. पिल्लं समुद्रात जाताना पाहून फोटो काढून परतू नका, राखणदारांजवळ बसा. अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात आणि वाळू उबदार असेल तर माद्या जास्त निघतात. म्हणून रिकाम्या पुळणीवर दीड फूट खोल थर्मामीटर पुरून, एक उघड्यावर आणि एक झाडाच्या सावलीत, तापमान नोंदवणं हा आठवीच्या मुलांसाठी खरा प्रयोग आहे. खऱ्या घरट्याला हात लावायचा नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं.

पोटापाण्याचं थोडक्यात. कायमच्या नोकऱ्या कमी आहेत, बहुतेक पदं प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात. घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगा. अहमदाबादचं सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन १९८४ पासून याच क्षेत्रात आहे, पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे, आणि वनविभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष २०१२ पासून किनाऱ्यावर काम करतोय. या सगळ्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पण आणखी एक पदवी घेण्यापेक्षा बी.एड. करा, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेत कायमचं पाऊल ठेवायला तोच रस्ता आहे, आणि वर्ग सांभाळता येणारा पर्यावरणवाला आपल्याकडे फार दुर्मीळ आहे. दापोलीचं वनशास्त्र महाविद्यालय आणि रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय जवळच आहेत. वनस्पती किंवा शिंपले ओळखताना अडलात तर तिथे नमुन्याचा फोटो घेऊन थेट जा.

सुरुवात कधी करायची, तर १ जूनला. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेली असतात आणि बोलायला त्यांच्याकडे वेळ असतो. शाळाही त्याच सुमारास उघडते. खाडी कोणती आणि शाळा कितवीपर्यंत आहे ते इथे लिहा, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांचा आराखडा आपण मिळून करू.