खांदा मोडल्यावर सांधा बदलला तर हात पूर्वीसारखा चालतो का?

तुम्ही लिहिलंय की आई ७४ वर्षांच्या, बाथरूममध्ये पडून खांदा मोडला, डॉक्टर ‘रिव्हर्स’ सांधा बसवू म्हणतात. शेजारच्या काकांचा झिजेमुळे बदललेला खांदा झकास चालतो, तर आईंचाही तसाच चालेल का? मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे खांदे ऑपरेशननंतर माझ्याकडेच येतात. काकांशी तुलना करू नका.

झिजेच्या खांद्यात हाड अखंड असतं, ऑपरेशनही सवडीनं ठरवून होतं. फ्रॅक्चरमध्ये हाडाच्या वरच्या टोकाचे तुकडे होतात आणि हात फिरवणारे स्नायू नेमके त्याच तुकड्यांना चिकटलेले असतात. सर्जन ते तुकडे नव्या सांध्याभोवती दोऱ्यांनी बांधतात. ते जुळून आले तर हात बाहेरच्या बाजूला वळतो, नाहीतर तिथं उणीव राहते. त्यामुळे फ्रॅक्चरचा खांदा सहसा झिजेच्या खांद्यापेक्षा थोडा मागेच राहतो.

तरीही या वयात रिव्हर्स भरवशाचा. फ्रान्सचे सर्जन पॉल ग्रामाँ यांनी १९८० च्या दशकात तो घडवला. गोळ्याच्या जागी वाटी, वाटीच्या जागी गोळा. मग हात उचलायचं काम डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, पेलतो. पूर्वी अर्धा सांधा बदलायचे, तेव्हा तुकडे जुळले नाहीत की हात फारसा वर जात नसे.

दुखणं बहुतेकांचं चांगलंच कमी होतं. वेणीफणी, फळीवरचा डबा काढणं बऱ्याच जणींना जमतं. अडतं ते हात पाठीमागे नेताना: मागचे हूक, पाठीमागून पदर ओढून घेणं. आणि हे कुणी विचारत नाही, पण मोडलेला हात डावा असेल तर शौचानंतर धुण्याचं काय, ते आधीच बोलून घ्या. जेट स्प्रे लावून घ्या. सुरुवातीचे काही आठवडे खुर्चीतून उठताना त्या हातावर रेटा द्यायचा नाही, सांधा निसटू शकतो.

ऑपरेशन टाळता येईल का, हेही विचारा. ब्रिटनमधल्या ‘प्रोफर’ अभ्यासात (२०१५) सरकलेल्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन केलेले आणि नुसत्या झोळीवर ठेवलेले, यांत दोन वर्षांनी खास फरक दिसला नाही. त्यात बहुतेकांना प्लेट लावली होती, रिव्हर्स नव्हे, आणि गोळाच निखळला असेल तर तो निकाल लागू नाही. सर्जनना सीटी स्कॅन समोर ठेवून विचारा: तुकडे किती, आणि गोळा जागेवर आहे का?