प्रीमियर पद्मिनी गाडीच्या वॉटर पंपाखालून पाणी ठिबकतं, रेडिएटरच्या सांध्यावर हिरवट डाग आहेत. एम-सील लावून भागेल का?

नाही भागणार. एम-सील गरम-थंड होताना पितळेवरून सुटतं, आणि पुढच्या कारागिराला ते खरवडण्यातच अर्धा दिवस जातो.

आधी पंप बघा. त्याच्या बॉडीला खाली एक बारीक भोक असतं. पाणी तिथून येत असेल तर आतलं सील गेलंय. ते भोक बुजवू नका, काहीजण हा उद्योग करतात! मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि पंप घरघरायला लागतो. सील बदलताना शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्टही बदला, नाहीतर नवं सील महिनाभरात गळेल. पंप आणि इंजिनमधलं जुनं गॅस्केट ब्लेडने पूर्ण खरवडून काढा.

हिरवट डाग म्हणजे डाखाचा (सोल्डरचा) सांधा उघडलाय. रेडिएटर उतरवून डाखकाम करणाऱ्याकडे न्या. जुना डाख काढून, पितळ चकचकीत घासून मगच नवा डाख लावायला सांगा. गॅस वेल्डिंग नको, त्या उष्णतेने शेजारचे सांधे सुटतात. नंतर तोंडं बंद करून, साधारण ७ पीएसआय दाबाची हवा भरून हौदात बुडवा. बुडबुडे दिसले की परत डाख.

होजपाइप दाबल्यावर चिरा दिसल्या तर तेही बदला. क्लिपा एकदा इंजिन तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळा. भरताना नळाचं पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, ३०:७० पुरे.