फुटबॉलपटूंचे दान : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंना एका आठवड्यात जे मिळते ते आपल्यापैकी अनेकांना वर्षानुवर्षे राबून मिळत नाही, मग हे लोक दानधर्मात हात आखडता का घेतात, अशी ती तक्रार आहे. पत्रलेखक कोल्हापूरचे असोत वा लेस्टरचे, गृहीतके तीच आणि चुकाही त्याच. मी धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासणारा माणूस आहे, फुटबॉलचा जाणकार नव्हे. तेव्हा मेस्सी मोठा की रोनाल्डो, असे विचारणारी पत्रे मी बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्या पेठेतला संघ वर्गणीवर चालतो, आणि तिकडे एकेका खेळाडूला आठवड्याला लाखाच्या वर पौंड मिळतात. या लोकांनी जास्त दान करायला नको का? (कोल्हापूर)

उत्तर : करायला हवे. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जास्त द्यावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र ‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा जास्त, हे कोणी सांगत नाही, कारण कोण किती देतो हे जाहीर करण्याचे बंधन कोणावरच नाही आणि पुष्कळ खेळाडू वाच्यता न करता देतात. ही मागणीही नवी नाही. परिचारिकांच्या मदतनिधीसाठी प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी एका दिवसाचा पगार द्यावा, अशी मोहीम २००७ मध्येच झाली होती.

एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, ब्रिटनचे तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी पत्रकार परिषदेत प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगारकपात स्वीकारावी, असे सांगितले. बँकर किंवा बड्या कंपन्यांचे मालक त्यांना त्या दिवशी आठवले नाहीत. त्यावर खेळाडूंच्या संघटनेने जो हिशेब मांडला तो मी आजही नवशिक्या लेखापालांना दाखवतो : वर्षभर ३० टक्के कपात केली तर पगारातून ५० कोटी पौंडांहून अधिक रक्कम कमी होईल, पण तिच्यावरचा २० कोटी पौंडांहून अधिक करही सरकारला मिळणार नाही. म्हणजे ज्या आरोग्यसेवेसाठी त्याग मागितला जात होता तिच्याच तिजोरीत खड्डा पडला असता आणि वाचलेला पैसा क्लबमालकांकडे राहिला असता. पुढे काही दिवसांतच लिव्हरपूलचे तेव्हाचे कर्णधार जॉर्डन हेंडरसन यांच्या पुढाकाराने खेळाडूंनी स्वतःचा निधी उभारून तो आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांकडे वळवला, आणि तो मार्ग हिशेबाच्या दृष्टीनेही सरळ होता.

म्हणून मी क्रम असा लावतो : आधी कर, मग दान. २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या न्यायालयाने लिओनेल मेस्सी यांना करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरवले, आणि २०१९ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डो यांनी माद्रिदमध्ये गुन्हा मान्य करून १ कोटी ८८ लाख युरोंचा दंड स्वीकारला. दोघांनीही मोठ्या देणग्या दिल्या आहेत, हे खरे आहे. पण देणगी कोणाला द्यायची हे दाता ठरवतो आणि कर कशावर खर्च व्हावा हे निवडून दिलेले सरकार ठरवते, त्यामुळे एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

प्रश्न : मग सरकारने कायदा करून खेळाडूंच्या पगाराचा ठरावीक हिस्सा दानात का घेऊ नये? (ठाणे)

उत्तर : कायद्याने सक्तीने घेतात त्याला कर म्हणतात, आणि तो इंग्लंडमध्ये वरच्या टप्प्यात ४५ टक्के आहे.

प्रश्न : करोनाच्या काळात रोनाल्डो यांनी आपली हॉटेले रुग्णालये म्हणून खुली केली, असा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजूनही फिरतो. हे खरे आहे का? (डोंबिवली)

उत्तर : नाही. मार्च २०२० मध्ये ही बातमी पसरली आणि लगोलग हॉटेलकडूनच तिचा इन्कार झाला. त्यांनी आणि त्यांचे एजंट जॉर्ज मेंडेस यांनी लिस्बन आणि पोर्तो येथील रुग्णालयांना अतिदक्षता विभागांसाठी साहित्य दिले, ही खरी गोष्ट मात्र तुमच्या ग्रुपवर आली नसावी. इतक्या वर्षांनी तोच संदेश पुढे ढकलणाऱ्या सद्‌गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : हुआन माता नावाच्या खेळाडूने पगाराचा फक्त १ टक्का देण्याची योजना काढली आणि तिचे एवढे कौतुक झाले. १ टक्का ही थट्टा नव्हे काय? (पुणे)

उत्तर : आकडा लहान आहे, पण व्यवस्था मला पटते. माता यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये ‘कॉमन गोल’ सुरू केले, तेव्हा ते मँचेस्टर युनायटेडकडून खेळत होते. फुटबॉलपटूंचे पगार सर्वसामान्यांच्या तुलनेत अवाच्या सवा आहेत, असे त्यांनी त्याआधीच उघडपणे म्हटले होते. पाठोपाठ मॅट्स हुमेल्स, जॉर्जो किएलिनी, अ‍ॅलेक्स मॉर्गन, मेगन रपिनो आणि २०१९ मध्ये प्रशिक्षक युर्गेन क्लॉप त्यात सामील झाले. यात खेळाडू स्वतःच्या नावाची नवी संस्था काढत नाही. पैसा एका सामायिक निधीत जातो आणि तिथून फुटबॉलच्या माध्यमातून मुलांसाठी आधीपासूनच काम करणाऱ्या संस्थांना मिळतो. दरवर्षी, न मागता, पगाराच्या प्रमाणात येणारा १ टक्का मला एकदाच वाजतगाजत दिलेल्या मोठ्या धनादेशापेक्षा मोलाचा वाटतो, कारण संस्थेला पुढच्या वर्षी प्रशिक्षकाचा पगार देता येईल की नाही हे त्यावर ठरते.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट जवळची आहे. योजना जाहीर करण्यापूर्वी माता मुंबईत येऊन ऑस्कर फाउंडेशनच्या मुलांना भेटून गेले होते. कफ परेडच्या आंबेडकर नगर वस्तीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेचा नियम असा, की शाळेत न जाणाऱ्याला मैदानावर उतरता येत नाही. नागपूरला विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेली स्लम सॉकर ही संस्थाही याच आंतरराष्ट्रीय वर्तुळातली आहे. पुण्याहून या दोन्ही ठिकाणी रेल्वेने जाता येते. ‘फक्त १ टक्का’ म्हणण्यापूर्वी एकदा जाऊन यावे.

प्रश्न : एका खेळाडूच्या फाउंडेशनच्या भोजन समारंभाचे तिकीट मी दोन वर्षांपूर्वी १५० पौंडांना घेतले आणि लिलावात स्वाक्षरी केलेली जर्सीही घेतली. पैसे कुठे गेले ते अजून कळले नाही. आता काय करावे? (लेस्टर)

उत्तर : दोन वर्षे आपण काय करीत होतात, हा माझा पहिला प्रश्न आहे. तिकीट घेण्यापूर्वी दहा मिनिटे खर्च केली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते. इंग्लंड आणि वेल्समधील धर्मादाय संस्थांची नोंदवही चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर सर्वांना मोफत पाहता येते. संस्थेचे नाव टाकले की विश्वस्त कोण, उत्पन्न किती, खर्च किती आणि हिशेब वेळेवर दाखल झाले की नाही, हे समोर येते. हिशेब थकले असतील तर तसा ठळक शेराच तिथे असतो.

आता जे लिहितो ते केवळ आपल्यासाठी नाही. खेळाडूने दान करावे की नाही, यापेक्षा खेळाडूच्या नावाने निघालेली फाउंडेशने ही माझी जुनी काळजी आहे. विशीतल्या मुलाला पहिला मोठा करार मिळतो आणि एजंट त्याला सांगतो, की आता तुझे एक फाउंडेशन हवे, प्रतिमेला बरे पडते. वडील, मोठा भाऊ आणि तो एजंट विश्वस्त होतात, बोधचिन्ह तयार होते, आणि काम काय करायचे हे ठरण्याआधीच पहिल्या समारंभाची तारीख ठरते. अशा एका फाउंडेशनची फाइल माझ्याकडे तपासणीला आली होती. त्या वर्षी संस्थेचे मुलांसाठीचे एकमेव काम म्हणजे एका शाळेला दिलेले फुटबॉलचे बूट, आणि समारंभातील मेजांवरच्या फुलांचे बिल त्या बुटांच्या बिलाच्या जवळजवळ दुप्पट होते. दोन्ही बिले एकाच टाचणीने जोडलेली होती. त्यात अफरातफर अजिबात नव्हती. प्रत्येक पौंडाची पावती होती, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटले. खेळाडूला विचारले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, की मला वाटले होते हे सगळे कोणीतरी बघत असेल.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अशा संस्थेत नाव खेळाडूचे असते, पण पैसा बहुधा आपला असतो. तिकीट आपण घेतो, जर्सीवर बोली आपण लावतो, आणि वर्तमानपत्रात मात्र ‘अमुक खेळाडूची लाखो पौंडांची मदत’ असे छापून येते. आयव्हरी कोस्टचे फुटबॉलपटू दिदिए द्रोग्बा यांच्या ब्रिटनमधील फाउंडेशनवर २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने आरोप केले, तेव्हा चॅरिटी कमिशनने चौकशी केली. फसवणुकीचा वा भ्रष्टाचाराचा पुरावा सापडला नाही. परंतु ब्रिटनमध्ये देणगीदारांकडून जमलेला पैसा बँकेत पडून होता, आयव्हरी कोस्टमधील कामे द्रोग्बा स्वतःच्या पैशातून चालवीत होते, आणि हा फरक देणगीदारांपर्यंत नीट पोचला नव्हता. दाता उदार, हेतू चांगला, आणि तरीही लोकांचा समज वेगळा. नाव मोठे असले की हे असे होते. म्हणूनच नवे फाउंडेशन काढू पाहणाऱ्या प्रत्येक खेळाडूला मी एकच विचारतो : जे काम तू करणार आहेस ते आधीपासून करणारी संस्था तुझ्या शहरात नाही का? बहुतेक वेळा ती असते, आणि तिला पैसा हवा असतो.

आपल्यापुरते सांगायचे तर प्रथम संस्थेचे मागील दोन वर्षांचे हिशेब काढा, विश्वस्तांना लेखी विचारा, उत्तर आले नाही तर चॅरिटी कमिशनकडे तक्रार करा. तक्रारीचा मसुदा मात्र एखाद्या सॉलिसिटरला दाखवून घ्या. संशयावरून नावे घेऊन लिहिलेले पत्र आपल्यावरच उलटू शकते.

प्रश्न : खेळाडूच्या नावाचे बूट विकत घेतल्यास ‘विक्रीतील काही भाग समाजकार्यासाठी’ असे दुकानात लिहिलेले असते. यातून खरेच दान होते का? (स्लाऊ, इंग्लंड)

उत्तर : ‘काही भाग’ हा शब्दप्रयोग दिसला की पुढे जावे. धर्मादाय संस्थेच्या नावावर माल विकणाऱ्या व्यापाऱ्याने किती रक्कम कोणत्या संस्थेला जाणार हे सांगितले पाहिजे, असे ब्रिटनच्या १९९२ च्या कायद्यात स्पष्ट आहे. बूट हवे असतील तर बूट घ्या आणि दान करायचे असेल तर दान करा. दोन्हींची एकच पावती करू नका.

प्रश्न : हे लोक कर वाचवण्यासाठीच दान करतात, असे माझे मेहुणे म्हणतात. (नाशिक)

उत्तर : मेहुण्यांना हा हिशेब दाखवावा. इंग्लंडमधील खेळाडूने ‘गिफ्ट एड’ या देणगीवरील करसवलतीच्या योजनेखाली ८० पौंड दिले, तर संस्था सरकारकडून २० पौंड मिळवते आणि तिच्या हाती १०० पडतात. ४५ टक्क्यांच्या टप्प्यातील दाता २५ पौंड स्वतःसाठी परत मागू शकतो. म्हणजे त्याच्या खिशातून ५५ पौंड गेलेच. ५५ देऊन ४५ वाचवणारा माणूस धूर्त नव्हे, दाताच म्हणायला हवा. आपल्याच फाउंडेशनमार्फत नातेवाइकांना पगार देणे वगैरे प्रकार निराळे, आणि त्यांविषयी वकिलाशी बोलावे.

प्रश्न : फुटबॉलपटू सादिओ माने यांनी गावात रुग्णालय बांधले. असे थेट काम संस्थेला पैसे देण्यापेक्षा चांगले नाही का? (सोलापूर)

उत्तर : माने यांच्या बाबतीत बहुधा होय. सेनेगलमधील त्यांच्या बंबाली गावात रुग्णालय नव्हते, त्यांचे वडील ते लहान असताना आजारात गेले, आणि तिथे कशाची उणीव आहे हे त्यांना कोणी अहवाल लिहून सांगण्याची गरज नव्हती. पण इमारत हा सर्वांत सोपा भाग असतो. डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि वीज यांचा खर्च दरवर्षी येतो आणि खेळाडूची कारकीर्द पस्तिशीच्या आसपास संपते. रुग्णालयासंबंधी माने यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांची भेट घेतली होती, ती मला इमारतीच्या छायाचित्रांपेक्षा महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कोणी गावात दवाखाना बांधू पाहत असेल तर त्याने पाया खणण्याआधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटावे.

प्रश्न : इंग्लंडचे फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांनी पैसे न देता नुसती पत्रे लिहिली आणि त्यांचा सन्मान झाला, हे कसे? (औरंगाबाद)

उत्तर : ‘नुसती’ हे चुकीचे आहे. त्यांनी फेअरशेअर या अन्नवाटप संस्थेसाठी निधीही उभा केला. आणि त्यांनी जून २०२० मध्ये खासदारांना लिहिलेल्या पत्रानंतर सरकारने दुसऱ्याच दिवशी माघार घेऊन उन्हाळी सुटीतही गरीब मुलांच्या जेवणाची सोय केली, ज्याचा लाभ इंग्लंडमधील सुमारे १३ लाख मुलांना मिळणार होता. एवढा पैसा एका खेळाडूच्या खिशातून आला नसता.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. इंग्लंडमधील क्लबच्या धर्मादाय संस्थेला देणगी दिल्यास प्राप्तिकरात ८०जी खाली वजावट मिळेल का?

उत्तर : नाही. ती भारतात मान्यता असलेल्या संस्थेलाच मिळते, २,००० रुपयांवरील रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत मिळतच नाही. ३१ मार्चच्या आदल्या दिवशी विचारू नका. आत्ताच आपल्या सीएंना भेटा.

प्रश्न : आमच्या तालमीच्या संघाला एखाद्या परदेशी खेळाडूकडून देणगी मिळवून द्याल का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. परदेशी नागरिकाचा पैसा एफसीआरए (परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, आणि तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावा लागतो. तालमीची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे आणि गेल्या तीन वर्षांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल झाले आहेत की नाही, एवढे पाहून या. कागद बरोबर आणले तर पुढचे बोलू.