वाचकांचे प्रश्न : दाव्याचा खर्च कोणी द्यायचा?

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. शेजारच्या गटाच्या मालकाने बागेतून आपला वहिवाटीचा रस्ता असल्याचे सांगून माझ्याविरुद्ध मनाईचा दावा (मी त्याला अडवू नये असा आदेश मागणारा) लावला. तो सहा वर्षांनी खर्चासह नामंजूर झाला. वकिलांची फी, साक्षीदारांची ने-आण, नकला आणि मोजणी मिळून माझे लाखाच्या वर गेले. हुकूमनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम लेखी आदेशात, मात्र काही हजार रुपयेच लिहिले आहेत. जिंकूनही बाकीचा खर्च मीच का सोसायचा?

उत्तर : खर्च कोणी, कोणाला आणि किती द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ ने न्यायालयाला दिला आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम असून, तो बाजूला ठेवायचा असेल तर न्यायाधीशांना त्याची कारणे लेखी नमूद करावी लागतात. तुमच्या दाव्यात हा नियम तुमच्याच बाजूने लागला आहे. अडचण आहे ती रकमेची.

पक्षकाराने प्रत्यक्ष किती पैसे घातले हे न्यायालय पाहत नाही, तर नियमांना मान्य असलेल्या बाबींची बेरीज करते. वकिलाची फी नियमांतल्या प्रमाणाने धरली जाते आणि ते प्रमाण आजच्या फीच्या आसपासही नसते. संहितेच्या आदेश २०-अ मध्ये दाव्यापूर्वीची नोटीस, टंकलेखन, न्यायालयीन कागदपत्रांची पाहणी, साक्षीदार हजर करणे आणि अपिलासाठी घेतलेल्या नकला यांचा उल्लेख आहे. मोजणी तुम्ही स्वतःहून मागवली असेल तर ती धरली जाणे कठीण. न्यायालयाने कोर्ट कमिशनर (जागेची पाहणी किंवा मोजणी करून अहवाल देणारा) नेमून त्याची फी तुमच्याकडून भरून घेतली असेल, तर मात्र ती हुकूमनाम्यातल्या खर्चाच्या तक्त्यात यायला हवी. शिवाय मोठ्या रकमेच्या दाव्यात वादीच्या खर्चाचा बराच भाग कोर्ट फी स्टॅम्पचा असतो. प्रतिवादीला तो भरावा लागत नसल्याने जिंकलेल्या प्रतिवादीचा तक्ता बहुधा तोकडाच दिसतो. घड कापणीला आलेले असताना तारखेसाठी मोडलेल्या दिवसांना तर त्यात रकानाच नाही.

दावा खोटा होता, म्हणून वेगळी भरपाई मिळेल का, असे तुम्ही पत्रात पुढे विचारले आहे. कलम ३५-अ त्यासाठीच आहे. समोरच्याला दावा खोटा किंवा त्रास देण्यापुरता असल्याचे ठाऊक होते, अशी हरकत तुम्ही घेतलेली असावी लागते, आणि न्यायालयाला तो तसा का वाटतो याची कारणे नोंदवावी लागतात. ही हरकत लेखी कैफियतीतच, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातच, स्पष्ट शब्दांत घालणे उत्तम. ‘दावा खोटा आहे’ हे ठरावीक वाक्य सगळ्याच कैफियतींत असते आणि त्यावर कोणी थांबत नाही. दावा हरणे म्हणजे तो खोटा असणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. इतके करूनही या कलमाखाली मिळणारी रक्कम जास्तीत जास्त ३,००० रुपये आहे. ही मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीतली असून आज ती जवळजवळ थट्टाच ठरते. ती किमान १ लाख रुपयांपर्यंत न्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात सुचवले, आणि २०१२ मध्ये विधी आयोगाने २४० वा अहवाल याच विषयाला वाहिला. तरी बांधाच्या आणि रस्त्याच्या दाव्यांसाठी आकडा तोच राहिला. व्यापाऱ्यांमधील ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादांना २०१५ चा व्यापारी न्यायालये कायदा लागू होतो. तिथे ही मर्यादा काढून टाकली आहे आणि खर्च ठरवताना पक्षकारांचे वर्तनही पाहिले जाते.

आता तुमच्या हाती दोन गोष्टी आहेत. हुकूमनाम्यातला खर्चाचा तक्ता वकिलांकडून तपासून घ्यावा. बेरजेची किंवा लिहिण्याची चूक असल्यास कलम १५२ खाली अर्ज करून ती केव्हाही दुरुस्त करून घेता येते. आणि मंजूर झालेली रक्कम शेजाऱ्याने दिली नाही तर ती दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून वसूल करता येते. त्यासाठी १२ वर्षांची मुदत आहे.

प्रश्न : वडिलांच्या शिरपूर तालुक्यातील जमिनीत मला वाटा हवा आहे, भाऊ नाही म्हणतात. दावा हरले तर त्यांचा सगळा खर्च माझ्या अंगावर येईल, अशी भीती सासरचे घालतात. हे खरे आहे का?

उत्तर : ताई, भीती अगदीच निराधार नाही, पण बरीच फुगवलेली आहे. वाटपाच्या दाव्यात सर्वच पक्षकार हिस्सेदार असल्याने न्यायालये पुष्कळदा ज्याचा खर्च त्याने सोसावा असाच आदेश करतात. उलट, खोटे वाटणीपत्र पुढे करून दावा लांबवणाऱ्या भावावर खर्च बसू शकतो. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ केलेली आहे, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा धुळ्याच्या जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

प्रश्न : प्रतिवादी दर वेळी मुदत मागतो. न्यायालयाने त्याला ५०० रुपये खर्च देण्यास सांगितले, तेही त्याने दिले नाहीत. पुढे काय?

उत्तर : तो आदेश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-ब खाली, म्हणजे दावा लांबवल्याबद्दलच्या खर्चाचा, झाला असेल, तर पुढच्या तारखेला रक्कम भरल्याशिवाय त्याला आपला बचाव पुढे चालवता येत नाही. रक्कम भरली नसल्याचे त्या तारखेला लेखी अर्जाने न्यायालयाच्या नजरेस आणावे. हा खर्च अंतिम हुकूमनाम्यात धरला जात नाही. तो थकला तर त्याचा स्वतंत्र आदेश काढला जातो आणि त्या आदेशाचीही अंमलबजावणी करून घेता येते.