डोंगा आला, प्रतिबिंब निसटलं

प्रश्न : आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, दोन डोंगे (लाकडी होड्या) बांधलेले असतात. सकाळी पाळीवर (बांधावर) उभं राहून मोबाइलने काढलेला फोटो पाठवत आहे. डोंगे, झाडं, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं आलंय. तरी फोटो पसरट वाटतो. कुठं चुकलं?
– एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : उंची चुकली. पाळीवरून पाहिलं की नजर पाण्याच्या आत शिरते, म्हणून खालच्या भागात प्रतिबिंबाऐवजी गाळ आणि शेवाळ दिसतंय. काठाशी उतरा, उकिडवे बसा, मोबाइल पाण्यापासून फूट-दीड फुटावर धरा. नजर जितकी तिरपी, तितका पाण्याचा आरसा होतो.

मात्र खाली बसलात की दोन्ही डोंगे एकमेकांवर चढतील. दोघांमध्ये मोकळं पाणी दिसेपर्यंत बाजूला सरका, आणि ती फट प्रतिबिंबातही तपासा. प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची हुबेहूब उलटी नक्कल नव्हे. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकंच खालून पाहिल्यासारखं ते दिसतं. त्यामुळे वर डोंग्यामागे दिसणारा काठ पाण्यात डोंग्याआड जातो. बरेच फोटो फसतात ते इथंच.

पुढच्या डोंग्याच्या टोकाचं प्रतिबिंब खाली कापलं गेलंय आणि वर पांढऱ्या आकाशाने तिसरा हिस्सा अडवलाय. मोबाइल जरा झुकवला असता तर दोन्ही साधलं असतं. आता या फोटोत वरचं आकाश झाडांच्या शेंड्यांपर्यंत छाटा. कापलेलं टोक काही परत येणार नाही. काठाची रेघ मधोमध नको, हा नियम इथं फार मनावर घेऊ नका. पाणी निवांत असेल तर मधली रेघ शोभते. लहरी असतील तर ती वर सरकवा.

फोकससाठी बोट डोंग्यावर टेकवा, पाण्यावर तरंगणाऱ्या पानावर नको. पान जवळ असतं, प्रतिबिंब मात्र डोंग्याइतकंच लांब; पान धरलं तर तेवढंच स्पष्ट येतं. मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. वारा सुटायच्या आत, उजाडताना जा.

प्रश्न : कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) घेऊ का?
– एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : प्रतिबिंबासाठी नको. पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहताना तो फिरवला, तर प्रतिबिंब जवळजवळ पुसलं जातं. शिंगाड्याच्या ओल्या पानांवरची चकाकी घालवायची असेल तर जरूर लावा. १ ते २ स्टॉप उजेड जाईल (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा पहाटे हात स्थिर ठेवा किंवा तिपाई न्या.