टाकीत नेमकं काय होतं, ते आधी ठरवा

प्रश्न : मी नेरुळला राहतो. घरात ६० लिटरचा खाऱ्या पाण्याचा ॲक्वेरियम आहे. ठाण्यातल्या एका दुकानाने तो लावून दिला, देखभालीचे पैसेही दर महिन्याला तेच घेतात. क्लाउनफिशवर पांढरे ठिपके दिसले म्हणून दुकानातल्या कामाच्या मुलाने थेट टाकीत औषध ओतलं. दुसऱ्या दिवशी कोळंब्या आणि गोगलगायी मेल्या, मग हॅमर कोरल (एक जिवंत प्रवाळ) आक्रसून गेलं, चौथ्या दिवशी दोनपैकी एक मासा गेला. दुकानदार सोसायटीत त्याच दिवशी झालेल्या पेस्ट कंट्रोलकडे बोट दाखवतो. वर म्हणतो, बिलावर ‘जिवंत माशांची गॅरंटी नाही’ असं छापलंय. नुकसान साधारण ४०,००० रुपयांचं. ग्राहक आयोगात जाऊ का?

उत्तर : जाता येईल, आणि तुमची बाजू कच्ची नाही. पण नोटीस लिहायला बसण्याआधी टाकीकडे वळा. उरलेल्या माशासाठी पाणी बदलावं लागेल, ते बदलाच. फक्त त्याआधी दोन स्वच्छ बाटल्या त्या पाण्याने भरून घ्या, वर तारीख-वेळ लिहा, शेजाऱ्याची सही घ्या, भरतानाचा व्हिडिओ काढा आणि बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा. पाणी आधीच बदललं असेल तर मूठभर वाळू आणि लाइव्ह रॉकचा (टाकीतल्या सूक्ष्मजीव वसलेल्या दगडाचा) तुकडा राखून ठेवा, कारण त्यांच्यात तांबं धरून राहतं. फिल्टरमधला कार्बनही फेकू नका.

तांब्याचा उल्लेख अशासाठी, की पांढऱ्या ठिपक्यांवरच्या बऱ्याच औषधांत ते असतं. माशाला सोसेल एवढं तांबं कोळंबी, गोगलगाय आणि कोरलला मारून टाकतं. म्हणूनच जाणकार मासा वेगळ्या टाकीत काढून औषध देतात. तुमच्याकडे मृत्यूंचा क्रम या शक्यतेशी जुळतो, पण तेवढ्यावर दावा उभा करू नका. पेस्ट कंट्रोलच्या फवाऱ्यात वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकंही कोळंबीला झटकन मारतात, माशांनाही ती सोसत नाहीत. म्हणजे दुकानदाराचा बचाव अगदीच हवेतला नाही. निकाल पाण्याच्या तपासणीवर फिरेल. नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि तांबं व कीटकनाशक या दोन्हींची तपासणी मागा. औषधाचं नाव दुकानाला व्हॉट्सॲपवर विचारून घ्या. त्याच्या लेबलवर ‘कोळंबी किंवा कोरल असलेल्या टाकीत वापरू नये’ अशी सूचना असेल, तर तो तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडून पेस्ट कंट्रोलची पावती मिळवा: कुठलं रसायन, किती वाजता, कोणत्या मजल्यावर. कीटकनाशके अधिनियम, १९६८ नुसार हे काम करणाऱ्याकडे परवाना लागतो. रसायन पाण्यात सापडलं, तर त्या ठेकेदारालाही प्रतिपक्ष करायचं.

चौथ्या दिवशीच्या माशाबद्दल वाद होणार, हे धरून चला. तो औषधाने न मरता, आधी मेलेल्या जिवांमुळे वाढलेल्या अमोनियाने गेला असू शकतो. माझ्या मते तरीही तो त्याच निष्काळजीपणाचा परिणाम आहे. मात्र मेलेल्या कोळंब्या तुम्ही किती वेळात बाहेर काढल्या, हे विचारलं जाईल. ते आत्ताच, आठवतंय तोवर लिहून ठेवा.

बिलावरच्या छापील ओळीने घाबरू नका. ती मासा विकतानाची आहे. तुमची तक्रार विकलेल्या माशाची नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतल्या निष्काळजीपणाची आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये यालाच सेवेतील त्रुटी म्हणतात. तक्रारीत ही मांडणी पहिल्या परिच्छेदातच यायला हवी, नाहीतर सगळी चर्चा गॅरंटीवर घसरते. या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि नेरुळ ठाणे जिल्ह्यात येतं. (खारघरला राहत असतात तर रायगड.) मुदत दोन वर्षांची आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. गरज वाटली तर आयोगही नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी ज्याची वाटते, ते. हॅमर कोरल हे दगडी कोरल आहे. रीफ बांधणारी सगळी दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या जिवांच्या यादीत, आहेत. या अनुसूचीतल्या जिवाबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. दुकानदाराने ‘इम्पोर्टेड आहे’ असं सांगितल्याने सुटका होत नाही. आयातीचा परवाना आणि साइट्सची (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचाही प्रश्न येतो. क्लाउनफिश आणि कोळंबीचा हा प्रश्न नाही. पण ग्राहक तक्रार शपथपत्रासह दाखल होते, सोबत टाकीचे फोटो जातात, म्हणजे ते कोरल तुमच्या ताब्यात होतं हे तुम्हीच लिहून देता. काही लपवा किंवा फोटो खोडा, असं मी मुळीच सांगणार नाही. शपथेवर खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे. कोरलचा सांगाडा कुणाला देऊ-विकू नका, खाडीत टाकू नका. कोरलचं बिल, चॅट, जे असेल ते घेऊन वन्यजीव प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाला या आठवड्यातच भेटा. दुकानाला नोटीस त्या भेटीनंतरच पाठवा.

नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत द्या. मागणीत मासे, कोळंब्या, गोगलगायी, त्या महिन्याचं देखभाल शुल्क, तपासणीचा खर्च आणि त्रासाची माफक भरपाई धरा. प्रत्येक रकमेमागे बिल किंवा यूपीआयची नोंद हवी. कोरलची किंमत मागायची की नाही, हे त्या वकिलाशी बोलूनच ठरवा.